निकमभाऊंची बिनसंगीताची फिल्म

कबीर, तन्वी,

परवा कबीरचा निरोप आला. "आजी, तुमच्या सोसायटीचा तो पंचवीस वर्षांचा व्हिडिओ मी शाळेत दाखवणार आहे. पण फार बोअर आहे. मागे जरा म्युझिक टाकतो, आवाज सॉफ्ट करतो आणि ते सारखं घुमणारं कबुतर काढून टाकतो." कबीर, हे सगळं करण्याआधी एक गोष्ट ऐक. फोनवर ती सांगून होणार नाही, कारण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस येते. म्हणून लिहिते आहे. बाबाकडून वाचून घ्या. त्याला म्हणावं, भराभर वाचू नकोस.

तो व्हिडिओ ज्यांनी केला ते निकमभाऊ आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांची ओळख करून द्यायची तर लिपस्टिकपासून सुरुवात करायला हवी.

शूटिंगच्या आदल्या आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या ठळक अक्षरात एक सूचना लागली. "साठीवरील सर्व भगिनींनी शूटिंगला येताना लिपस्टिक लावावी. रंग गडद असावा. – द. ना. निकम." सोसायटीची सेक्रेटरी मी. माझ्या सहीशिवाय फळ्यावर कागद लागत नाही, हा नियम मीच केलेला. मी तो कागद लगेच काढला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आमच्याकडे साठीवरील भगिनीच जास्त. दुपारपर्यंत मला सात फोन आले. चार तक्रारीचे होते आणि तीन कोणत्या कंपनीची लावायची, हे विचारणारे.

मी निकमभाऊंना गाठलं. "हे काय आहे?"

"ओठ दिसत नाय, मॅडम."

"कुणाचे?"

"सगळ्यांचेच. वय झालं की ओठ गालाच्याच रंगाचे होतात. माणूस बोलतंय का सुपारी चघळतंय, कळत नाय."

"कळायला काय झालं? बोलणं ऐकू येतंच की."

यावर त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते बी हायच. पण ओठ पाहिजेत."

तन्वी, तू मागे विचारलं होतंस ना, त्या व्हिडिओत आजी एवढी लाल का दिसते? याच कारणानं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा लावली होती, प्रमाण कळलं नाही.

निकमभाऊ मूळचे निफाडकडचे. घरची द्राक्षं भावाकडे, हे नाशकात नोकरीला आले आणि अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून निवृत्त झाले. लोखंडाचा ओतीव भाग समोर आला की त्यावर छोट्या हातोडीनं टकटक करायची आणि नुसत्या आवाजावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं टकटक केल्यावर माणसाला सवय राहतेच. भाजीवाल्याकडे ते नारळच काय, भोपळाही वाजवून घेतात. आमच्या जिन्याचा कठडा वाजवून "इथं वेल्डिंग कच्चं हाय" असं ते एकदा म्हणाले. महिन्याभरात तो तिथंच निखळला. तेव्हापासून कठडा, नळ, लिफ्ट, काहीही कुरकुरलं की आधी निकमभाऊंना ऐकवायचं, मग दुरुस्तीवाल्याला बोलवायचं, अशी पद्धत पडली.

निवृत्तीनंतर त्यांनी व्हिडिओचा नाद धरला. नाद म्हणजे कुणाचं डोहाळजेवण, कुणाची मुंज, निफाडला भावाच्या बागेतली छाटणी. पैसे घेत नाहीत. त्यांच्याकडे एक लांब काठी आहे. मुळात ती कोळ्याची जाळी काढायची काठी. तिचा कुंचा काढून तिथं त्यांनी माईक बांधला आहे आणि वाऱ्याचा फरफर आवाज येऊ नये म्हणून माईकला लहान मुलाच्या लोकरी टोपीचं केसाळ अस्तर शिवलं आहे. सोसायटीतली मुलं त्याला निकमांचं मांजर म्हणतात. एका टोकाला मांजर, दुसऱ्या टोकाला निकमभाऊ आणि मध्ये आपल्या डोक्यावर कधीही पडेल अशी काठी, असं ते दृश्य असतं.

"आवाज आधी, चित्र मग," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "चित्र हललं तर लोक सांभाळून घेतात. आवाज हलला की उठून जातात."

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्या रहिवाशांच्या आठवणींची फिल्म करायचं ठरलं आणि काम अर्थातच त्यांच्याकडे गेलं. आमचे चेअरमन पवारसाहेब, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, म्हणाले, "निकम, भारी कॅमेरा काढा." भारी कॅमेरा भाऊंकडे होता. गावाकडच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून दोन भिंगांसह घेतलेला. पण तो त्यांनी पेटीतून काढलाच नाही. म्हणाले, "त्याच्यात मागचं सगळं धूसर होतं आणि लोक वा वा म्हणतात. पण डोळ्यावर फोकस बसला की तोंड निसटतं." शेवटी मोबाईल तिकाटण्यावर लावून, बरोबर हनुवटीच्या रेषेत, समोरासमोर. तिरकं नाही, वरून नाही, खालून नाही.

तिसऱ्या मजल्यावरची केतकी कॉम्प्युटरवाली आहे, घरूनच काम करते, उत्साही मुलगी. तिनं ड्रोन सुचवला. "काका, वरून सोसायटी काय मस्त दिसेल!"

"ड्रोनमधून माणसाचं टक्कल दिसतं, पोरी. तोंड नाय दिसत."

प्रकाशाचंही तसंच. नव्या फ्रिजबरोबर आलेला थर्माकोलचा पांढरा तुकडा ते प्रत्येकाच्या मांडीवर ठेवत, म्हणजे खिडकीतला उजेड त्यावरून उलटून तोंडावर पडावा. आम्ही सगळ्या बायका लाल ओठांनी, मांडीवर थर्माकोल धरून, ओटी भरून घ्यायला बसल्यासारख्या दिसतो ते त्यामुळे.

बोलायला सुरुवात करण्याआधी आवाज तपासायचा असे. त्यासाठी "हॅलो हॅलो" चालत नसे. "हॅलोमध्ये माणूस खोटं बोलतो," भाऊ म्हणत. "सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा." माणूस खाण्याबद्दल आपल्या खऱ्या आवाजात बोलतो, असा त्यांचा अनुभव. पवारसाहेबांनी अगदी खऱ्या आवाजात सांगितलं, "मिसळ दोन प्लेट, वर जिलबी." साहेबांना मधुमेह आहे आणि पवारवहिनी शेजारच्या खोलीत थर्माकोल घेऊन तयार बसल्या होत्या. त्या दिवशी साहेबांचं शूटिंग पुढं ढकलावं लागलं.

ते पुन्हा बसले तेव्हा प्रश्न मिशीचा आला.

"साहेब, मिशी थोडी कातरायला लागंल."

"का?"

"वरच्या ओठावर पडदा आलाय."

"निकम, ही मिशी बघून गुन्हेगार कबुली द्यायचे."

"तवा ते बोलत होते, साहेब. आता तुम्हाला बोलायचंय."

कातरायला साहेब तयार होईनात. शेवटी खोबरेल तेल लावून मिशी दोन्हीकडून वर वळवली. फिल्मभर साहेब सासऱ्याच्या गावी निघालेल्या सरदारासारखे दिसतात.

पण खरी गंमत पुढं, आवाजांच्या कामात होती. निकमभाऊ इंटरनेटवरचे तयार आवाज घेत नाहीत. त्यांनी आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत आणि तिथं ते स्वतः आवाज बनवतात. सेक्रेटरी म्हणून कामाची प्रगती पाहायला मी एकदा गेले, तर भाऊ पिंपळगावहून आणलेल्या कांद्यांची सुकी सालं माईकसमोर चुरगाळत होते. डोळे मिटून ऐका म्हणाले. मी मिटले. हुबेहूब होळी पेटल्यासारखी तडतड! मी मनापासून वाहवा केली.

तो आवाज मोबाईलवर घेऊन ते बाहेरच्या खोलीत जाऊन आले, मान हलवली आणि म्हणाले, "हे नाय चालत."

"अहो, इतकं छान आहे!"

"नुसतं टोक हाय, मॅडम. अंग नाय." आणि त्यांनी भिंतीवरची एक गोधडी काढून माईकजवळ फडाफड झटकायला सुरुवात केली. फिल्ममध्ये आमच्या होळीचा जो धप्प धप्प आवाज येतो, ती गोधडी आहे.

दारावरच्या बेलचंही असंच झालं. फिल्मच्या सुरुवातीला एकेका घराचं दार उघडतं. आमच्या सगळ्यांकडे बेल आहे. भाऊंनी सगळीकडून बेल काढली आणि वरवंटा पाटावर आपटून दार ठोठावल्याचा आवाज घातला. पवारवहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे काय वीज नाही वाटतं?" आणि सकाळच्या दृश्यात आमच्या बोगनवेलीवर रोज गाणारा बुलबुल होता, तो काढून त्यांनी पारवा घुमवला. कबीर, ते कबुतर नाही, पारवा आहे. मी बुलबुलासाठी बरीच भांडले. "बुलबुल नको," एवढंच उत्तर. "पारवा चांगला."

बरं, वस्तूंचे आवाज असे जाड करावेत आणि माणसांचे? ते मात्र त्यांनी बारीक, टोकदार करून ठेवले होते. कमिटीला पहिल्यांदा फिल्म दाखवली तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना. प्रत्येक "स" शिट्टीसारखा आणि प्रत्येक "ट" टाचणीसारखा. आणि सबंध पाऊण तासात संगीताचा एक सूर नाही. माणूस बोलायचा, थांबायचा, मग शांतता, मग पारवा.

दिवे लागले. पवारसाहेबांनी घसा साफ केला. "निकम, मेहनत दिसते. पण लोक झोपतील हो."

केतकी गोड बोलून म्हणाली, "काका, थोडंसं म्युझिक घालू या ना. नुसती बासरी."

"बासरी नाय."

"सतार?"

"माणूस बोलत असताना मागं दुसरं काय वाजवायचं नाय."

"मग बोलून झाल्यावर?"

"बोलून झाल्यावर पुढचा माणूस बोलतो."

केतकीच्या ओळखीचा एक स्टुडिओ होता. ते तीन दिवसांत संगीत घालून, आवाज गुळगुळीत करून, वरून ड्रोनची दृश्यं जोडून देणार होते. पवारसाहेबांनी मत विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी माझा हात वर गेला. माझा शिट्टीसारखा "स" मला सहन झाला नव्हता.

निकमभाऊ उभे राहिले. कधी कुणापुढं मान न वाकवणारा माणूस, पण हात जोडून म्हणाले, "एवढी एक फिल्म हाय तशी दाखवा. एकदाच. मग तिचं काय करायचं ते करा."

"कारण सांगा ना, निकम," साहेब म्हणाले. "कारण पटलं तर दाखवू."

"कारण नाय सांगता येत."

"ही काय लहान मुलासारखी गोष्ट झाली?"

भाऊंनी टीव्हीला लावलेला पेन ड्राइव्ह काढला, शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि घरी गेले. मी इतिवृत्तात ठराव लिहिला: सेक्रेटरींनी श्री. निकम यांच्याकडून पेन ड्राइव्ह ताब्यात घ्यावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी तो घ्यायला गेले. त्यांची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आतून माझाच टोकदार आवाज इतक्या मोठ्यानं येत होता की बेल त्यात बुडून जात होती, म्हणजे फिल्म चालू होती. उन्हाळ्याचे दिवस, वाऱ्यासाठी दार अर्धं उघडं होतं. मी आत डोकावले.

टीव्हीसमोर खुर्चीत मंदाताई, निकमभाऊंची बायको, बसल्या होत्या. आणि निकमभाऊ? ते टीव्हीकडे पाठ करून, स्टुलावर, बायकोच्या समोर बसले होते. मांडीवर वही. ते फिल्म पाहतच नव्हते. ते मंदाताईंचा चेहरा पाहत होते.

पडद्यावर मी पहिल्या वर्षीच्या वादळाची गोष्ट सांगत होते. तेव्हा आमच्या मागं द्राक्षबाग होती आणि गच्चीवरची रिकामी टाकी वाऱ्यानं उडून थेट त्या बागेत जाऊन पडली होती. मंदाताई हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होत्या. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

भाऊंनी फिल्म थांबवली. "काय गेलं?" आवाज न चढवता, पण प्रत्येक अक्षर ओठांनी मोठं करून त्यांनी विचारलं.

"मॅडमचं काहीतरी उडालं. काय उडालं?"

"टाकी. टा-की."

"टाकी होय!" आणि मंदाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, मी म्हटलं साडी उडाली!"

"ट आणि क," भाऊ वहीत लिहीत म्हणाले. "दोन्ही वाढवतो."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी दारात होते, मंदाताईंच्या मागं, चार हातांवर. त्यांना माझी चाहूलही नव्हती. भाऊ उठून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"किती वेळ उभ्या हाय, मॅडम?"

"टाकीच्या आधीपासून."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. मीही बसले. मग त्यांनी सांगितलं. सहा-सात वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले. बुलबुल, बेल, कुकरची शिट्टी. मग माणसांच्या बोलण्यातली अक्षरं गळायला लागली. "क, च, ट, स, ही पहिली जातात. टोकदार करून दिली की थोडी सापडतात. बाकीचं ती ओठांवरून लावते. जाड आवाज अजून येतात. पारवा येतो. दार ठोठावलं तर येतं. मागं गाणं वाजलं की मात्र सगळा काला होतो म्हणते."

"कानाचं मशीन?"

"घेतलंय की. कपाटात हाय." त्यांनी कठड्यावर बोटानं टकटक केलं. "भजनी मंडळात एकदा सूर चुकला, बाया हसल्या. तवापासून गुडघा दुखतो म्हणून सांगते, जात नाय. मशीन लावलं तर लोकांना कळंल. मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाय. तुम्ही बी सांगू नका."

"पण लोक त्यांना शिष्ट समजतात, भाऊ. हाक मारली तरी बघत नाहीत म्हणून."

"तिला माहीत हाय. म्हणते, बहिरी म्हणण्यापेक्षा शिष्ट म्हटलेलं बरं."

आता एक गोष्ट मला तुम्हाला सांगायलाच हवी. तुमच्या आजोबांचं ऑपरेशन फसलं, त्या दिवशी हॉस्पिटलमधून मी एकटी घरी आले. लिफ्टमध्ये मंदाताई होत्या, माझ्या पुढं, दाराकडं तोंड करून. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, आता आशा नाही." ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. लिफ्ट थांबली आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा उमगलं की मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून बोलले होते.

भाऊंनी खिशाचं बटण काढून पेन ड्राइव्ह माझ्यापुढं धरला. "न्या. ठराव झालाय. ती काय, बसंल हसत. सगळे हसले की हसायचं, तिला जमतं आता. पण या बिल्डिंगीत पंचवीस वर्षं तिनं बी काढली. लोक काय बोलले ते एकदा तरी तिला त्यांच्याबरोबर बसून कळावं, एवढंच होतं."

"खिशात ठेवा तो," मी म्हटलं.

घरी येऊन मी सभेची नोटीस काढून वाचली. तीनदा वाचली. संध्याकाळी कमिटीला बोलावलं आणि सांगितलं की कालचा ठराव रद्द आहे.

"रद्द कसा?" पवारसाहेब म्हणाले.

"विषयपत्रिकेवर 'चित्रफीत पाहणे' असं आहे. 'चित्रफितीत बदल करणे' नाही. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर ठराव होत नाही."

"अहो, विषयपत्रिका तुम्हीच लिहिली होती!"

"म्हणजे चूक माझी. पण ठराव रद्दच."

"मग नवीन सभा घ्या."

"घेऊ ना. नोटिशीला सात दिवस लागतात."

"कार्यक्रम पाच दिवसांवर आलाय, मॅडम!"

"मग या वेळी काही जमणार नाही असं दिसतं."

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, काल सगळ्यात आधी तुम्हीच हात वर केला होता."

"तो हातही बेकायदेशीर होता."

मी जन्मभर ग्रंथपालाचं काम केलं. नियम माणसांसाठी कधी वाकवला नाही. त्या दिवशीही वाकवला नाही, फक्त नको तिथं ताठ उभा केला. पवारसाहेब बाहेर जाताना म्हणाले, "लायब्ररीतून निवृत्त झाल्या, पण सगळीकडे शांतता पाहिजे." ते मला ऐकू यावं अशाच बेतानं म्हणाले होते. उत्तर एकच होतं आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

कार्यक्रम पार्किंगमध्ये झाला. पांढरी चादर ताणून लावली होती. पहिल्या रांगेत मंदाताई, शेजारी पवारवहिनी. भाऊंनी लॅपटॉप केतकीकडे दिला आणि स्वतः चादरीच्या कडेला, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. केतकीनं हाक मारली, "काका, तिथून तुम्हाला काय दिसणार?" ते हलले नाहीत.

फिल्म लोकांना फारशी आवडली नाही, हे तुम्हाला आधीच सांगून टाकते. साठेकाका दहाव्या मिनिटाला घोरायला लागले. मुलं पारव्याची नक्कल करायला लागली. माझ्या लिपस्टिकवर मागून काहीतरी शेरा आला. पण टाकीची गोष्ट आली तेव्हा मंदाताई पवारवहिनींकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, मी बघितली होती ती टाकी! आमच्या गॅलरीवरून गेली. मी म्हटलं, विमानच पडतंय. हे आत दाढी करत होते, अर्धी दाढी तशीच ठेवून पळाले!"

पवारवहिनी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि मागच्या दोन रांगाही. चादरीच्या कडेला उभे असलेले निकमभाऊ उगाचच हातातल्या काठीवरच्या मांजराचे केस सारखे करायला लागले.

पुढं आठ-नऊ महिन्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंदाताई कानात मशीन घालून आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं. माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन बोला." मग पवारवहिनी म्हणाल्या, "मेले, मग आधी नाही का सांगायचं? सहा वर्षं मी तुला शिष्ट म्हणतेय!" आणि वाण द्यायला पुढं झाल्या.

म्हणून हे आता लिहिता येतं. तरीसुद्धा पाठवण्याआधी मी हे पत्र मंदाताईंना वाचायला दिलं. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: मशीन घातलं की कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येते, तसं लिहावं. लिहिलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. लिफ्टबद्दल काही बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून खिडकीजवळ, माझ्या अगदी समोर ठेवली, बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा आता. भाऊजींना काय झालं होतं?"

मी सांगितलं. सावकाश, सगळं, पहिल्या दिवसापासून. एरवी मी ते कुणाला सांगत नाही. मध्ये दोनदा त्या म्हणाल्या, "हे परत सांगा," आणि मी परत सांगितलं. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

निकमभाऊंचं काम चालूच आहे. गेल्या महिन्यात त्यांनी भावाच्या बागेतल्या द्राक्षतोडणीचा व्हिडिओ केला, तो मी तुम्हाला पाठवला आहे. हेडफोन लावून ऐकलात तर सगळा आवाज फक्त डावीकडून येईल. तुमच्या हेडफोनमध्ये बिघाड नाही. ते आता मुद्दाम तसं करतात. दिवाळीनंतर मंदाताईंचा उजवा कान पूर्ण गेला. मशीनचाही त्या बाजूला उपयोग होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या कानानं, समोर बसून सावकाश बोललं तर, त्यांना अजून ऐकू येतं.

तुमची,
आजी